निचरा उत्तम, भाव चढा: शातो लिंच-बाज

मला वाईनमधलं जे काही कळतं ते मातीच्या बाजूनं कळतं. सगळी नोकरी जलसंसाधन खात्यात गेली. पाणी कुठं मुरतं, कुठं तुंबतं आणि कुठून वाट काढतं हे बघण्यातच केस पिकले. त्यामुळे शातो लिंच-बाज या फ्रान्समधल्या, बोर्दोजवळच्या वाईनच्या मळ्याबद्दल लिहिताना मी बाटलीपासून नाही, चरापासून सुरुवात करणार. ज्यांना 'कुठलं साल (म्हणजे कुठल्या वर्षीच्या द्राक्षांची वाईन) घेऊ' एवढंच हवंय त्यांनी खुशाल खाली उडी मारावी.

लेक तुलूझला असते, जावई तिथलाच. तिच्याकडून बोर्दो गाडीनं दोन-अडीच तास. बोर्दोहून उत्तरेला, जिरोंदच्या खाडीच्या डाव्या काठानं ५० किलोमीटर गेलं की पोयाक लागतं. या सगळ्या पट्ट्याला मेदोक म्हणतात. आज तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाडे आणि वेलींच्या रांगा दिसतात, पण सतराव्या शतकापर्यंत यातला बराच भाग दलदलीचा होता. डच लोकांनी येऊन चर खणले, पाणी नदीकडे काढून दिलं. मग मधले खड्यागोट्यांचे उंचवटे खरे उपयोगात आले आणि त्यांच्यावर द्राक्षाचे मळे पसरले. म्हणजे जगात नावाजलेल्या या वाईनच्या मुळाशी एक ड्रेनेजची योजना आहे. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की लेकीला रात्री अकराला फोन केला. "आई, झोप आता," म्हणाली.

बाजचं पठार पोयाक गावाला लागूनच दक्षिणेकडे आहे. पठार म्हणायचं ते आपलं मानानं. समुद्रसपाटीपासून वीस-एक मीटर उंची, आपलं इंदूर साडेपाचशेवर बसलंय. पण तिथल्या सपाटीत तेवढ्या उंचवट्यालाही किंमत आहे, कारण पाणी उतरायला तेवढा उतार पुरतो. आम्ही पोचलो त्याच्या आधी चांगली सर पडून गेली होती. रांगेच्या कडेला उभी राहिले, बुटाच्या टोकानं थोडं उकरून पाहिलं. वर अंड्याएवढे, मुठीएवढे गुळगुळीत गोटे, पांढरट-पिवळे. खाली भरड वाळू आणि बारीक खडे. गोट्यांची पाठ ओली, पण बुटाला चिखल नाही. आमच्या सांवेरकडच्या शेतात तेवढ्या पावसानंतर दहा पावलं चालले असते तर पायाला शेर-शेर माती घेऊन परतले असते.

माळव्यात लहानपणापासून ऐकत आलो, 'मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर'. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गहू आणि सोयाबीन तिच्यावर खूश असतात. चांगल्या वाईनच्या द्राक्षाला मात्र पावलोपावली पाणी नकोच असतं. पाणी हाताशी असलं की वेल पानं वाढवत बसते, मणी फुगतो, रस पातळ होतो. गोट्यांतून पाणी निसटून गेलं की मुळं खोल जातात, मणी लहान राहतो, रसाच्या मानानं साल जास्त. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो. शिवाय गोटे दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब सोडतात. काबर्ने सोव्हिन्यों ही जात उशिरा पिकणारी, तिला ती ऊब लागते. लिंच-बाजच्या वाईनमध्ये साधारण तीन चतुर्थांश काबर्ने सोव्हिन्यों असते. उरलेल्यात मर्लो मुख्य, मग थोडी काबर्ने फ्राँ आणि नावापुरती पती व्हर्दो.

तिथले लोक म्हणतात की उत्तम वेलींना नदी दिसते. यातला काव्याचा भाग सोडला तरी हिशेब पक्का आहे. नदीकाठची जमीन उताराची असते आणि खाडीचं रुंद पाणी वसंतात थंडीची धार बोथट करतं. २०१७च्या एप्रिलअखेर बोर्दोभर दहिवर पडून कोवळे कोंब करपले. काही मळ्यांत त्या वर्षी वाईनच झाली नाही. पोयाकचा खाडीकाठ बराचसा वाचला.

घराण्याचा इतिहास थोडक्यात उरकते, कारण असल्या गोष्टी सगळीकडे सापडतात. आयर्लंडच्या गॉलवेहून जॉन लिंच सतराव्या शतकाच्या अखेरीस बोर्दोला आला. मुलगा टॉमस, त्याच्या लग्नातून अठराव्या शतकाच्या मध्यावर बाजची जमीन घरात आली, पाऊणशे वर्षं राहिली. नातू जाँ-बाप्तिस्त हा नेपोलियनच्या काळात बोर्दोचा महापौर होता, आणि १८१४ साली वारं फिरल्यावर त्यानंच शहर नेपोलियनच्या विरोधकांना उघडून दिलं. असे लोक आपल्याही संस्थानी इतिहासात काही कमी नाहीत. पुढे मळा जुरीन नावाच्या स्विस व्यापाऱ्याकडे गेला. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या फर्माइशीवरून बोर्दोच्या दलालांनी मेदोकच्या वाइनींची पाच पायऱ्यांची यादी केली, तीत हा मळा जुरीनच्या नावानं पाचव्या पायरीवर बसला. यादी बाजारभावावरून केली होती, चव घेऊन नव्हे. आणि ती आजही तशीच चालते! त्यातला जाणवण्याजोगा बदल एकच, १९७३ साली मूतों-रोथशिल्ड या पोयाकच्याच मळ्याला दुसऱ्यावरून पहिल्या पायरीवर घेतलं तो. एकदा ज्येष्ठता यादी लागली की माणूस कसंही काम करो, नंबर हलत नाही, हे सरकारी नोकरी केलेल्याला वेगळं सांगायला नको.

खरी गोष्ट सुरू होते काझ कुटुंबापासून. जाँ-शार्ल काझ यांनी १९३४ साली मळा खंडानं घेतला आणि १९३९ साली विकत घेतला. ते काढणी उशिरा करायचे, द्राक्ष पुरतं पिकू द्यायचे, म्हणून त्यांच्या काळातल्या बाटल्यांना मान होता. नातू जाँ-मिशेल हे इंजिनिअर, पॅरिसला आयबीएममध्ये. १९७३ साली ते गावी परतले, आणि वेळ बघा कशी: तेलाचे भाव भडकलेले, बोर्दोचा बाजार कोसळलेला, वाईन जुन्या लाकडी पिंपांत आंबवली जात होती. सत्तरच्या दशकातल्या लिंच-बाजबद्दल जाणकार फारसं बोलत नाहीत, आणि त्याचं कारण मातीत नाही, त्या जुनाट कारखान्यात आहे. १९७६ला दानिएल ल्योझ हे तंत्रज्ञ आले, १९८०च्या सुमारास नव्या टाक्या बसल्या आणि गाडी रुळावर आली. १९८२, १९८५, १९८९, १९९० ही सालं आजही लोक नावानिशी विचारतात. पाचव्या पायरीचा मळा दुसऱ्या पायरीच्या भावानं विकला जाऊ लागला तो ऐंशीच्या दशकापासून. जाँ-मिशेल २०२३ साली गेले. कारभार त्यांचा मुलगा, आजोबांच्या वडिलांचं नाव लावणारा जाँ-शार्ल, बघतो.

जुनी आंबवणशाळा त्यांनी मोडली नाही, ती जरूर बघा. एकोणिसाव्या शतकातली, दोन मजली. द्राक्ष वरच्या मजल्यावर चढवायचं, तिथं लाकडी फळीवर रुळांवरून ढकलगाडी फिरायची, आणि रगडा वरूनच खालच्या पिंपांत सोडायचा. पंप नाही, इंजिन नाही, सगळा उतार. रुळांच्या कडा घासून गुळगुळीत झाल्यात, आणि फळ्यांमध्ये जांभळटकाळा रंग असा मुरलाय की शंभर वर्षं घासलं तरी जायचा नाही. मी तिथं इतका वेळ उभी राहिले की जावई हळूच बाहेर जाऊन कॉफी पिऊन आला. नवी इमारत २०२०च्या सुमारास पुरी झाली. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाचा काचेचा पिरॅमिड करणाऱ्या आय. एम. पेई यांचे चिरंजीव च्येन चुंग पेई यांनी ती आखली. काच, पोलाद, भरपूर उजेड. तीतही रस वरून खाली वजनानंच उतरतो. टाक्या लहान-मोठ्या, पुष्कळ, म्हणजे मळ्याच्या प्रत्येक तुकड्याचं द्राक्ष वेगळं आंबवता येतं. सुमारे १०० हेक्टरचा, म्हणजे अडीचशे एकराचा पसारा असल्यावर हे महत्त्वाचं. वरच्या खड्यातलं पीक आणि खालच्या चिकणमातीतलं पीक एकाच पिंपात ढकलायचं नसेल तर टाक्या हव्यातच. काम चोख आहे. पण मन जुन्या इमारतीतच राहिलं.

बाज हे चिमुकलं खेडं काझ मंडळींनी डागडुजी करून उभं ठेवलंय: चौक, बेकरी, दुकान, काफे लाव्हिनाल. जरा जास्तच नीटनेटकं वाटलं मला. कुठं एक म्हातारी दारात बसलेली नाही, वाळत घातलेलं धुणं नाही. पण वाईनच्या मळ्यांत जिथं बहुतेक फाटकं बंद असतात तिथं हे दार उघडं आहे, वेळ ठरवून कुणीही जाऊ शकतं. हे मोठं.

आता सालं.

सगळ्यात जुनी चाखली ती १९८५ची, आमच्या व्याह्यांच्या तळघरातली. जावई त्या सालचा. मुलगा जन्मला की त्या वर्षीच्या वाइनीच्या बाटल्या ठेवून द्यायची त्यांच्याकडे रीत आहे. बूच निम्मं मोडून आलं, व्याह्यांनी फडक्यातून गाळली. रंग कडेला विटकरी, मधे अजून लाल. पहिल्यांदा तळघराचा कोंदट वास, तो दहा मिनिटांत गेला. मग पेन्सिलीला टोक करताना येतो तो, आणि त्याच्यामागे तंबाखूच्या पानाचा. तुरटपणा जवळजवळ विरलेला, आंबटपणा मात्र जिवंत, आणि त्याच्यावरच ती उभी. अल्कोहोल त्या काळी १२.५ टक्क्यांच्या आसपास असे, आता १३.५-१४ होतं. मला ते जुनं प्रमाण जेवणाला बरं वाटतं. व्याही म्हणाले, आणखी ठेवण्यात अर्थ नाही, आहेत त्या पिऊन टाकू. त्यांच्याशी माझं एकमत व्हायचा हा दुर्मीळ प्रसंग.

तुलूझच्या घरी एका संध्याकाळी तीन सालं शेजारी ठेवली. सप्टेंबरात फ्रान्सच्या सुपरमार्केटांत वाइनीचा बाजार भरतो, जावयानं त्यातून वेळोवेळी जमवलेली.

२०१३ हे बोर्दोचं अलीकडचं सगळ्यात कठीण साल. वसंत गार आणि ओला, फुलोरा झडलेला, काढणीच्या तोंडावर कूज. प्याल्यात रंग फिका, वास सोज्वळ, घोट मधेच संपतो. पण वाईट नाही! निचरा नसलेल्या जमिनीत त्या वर्षी काय झालं असेल याची कल्पना मी करू शकते. खड्यांनी निदान पाणी तरी उभं राहू दिलं नाही. मळ्याची परीक्षा माझ्या मते अशा सालात होते. २००९सारख्या उबदार, सुखी वर्षी शेजारपाजारच्या सगळ्यांचीच वाईन छान झाली, त्यात कुणाचं काय कौतुक?

२०१४ हे माझं लाडकं. ऑगस्ट गार गेला, लोक हवालदिल झाले, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोरडं ऊन पडलं. उशिरा पिकणाऱ्या काबर्नेला नेमकं हवं होतं तेच. जांभळाच्या सालीचा वास, किंचित पुदिना, घोट सरळ आणि ताठ. बोलबाला २०१५, २०१६चा झाल्यामुळे या सालाकडे दुर्लक्ष झालं, म्हणून भावही त्या दोघांपेक्षा सौम्य. जावयाकडे याच्याच बाटल्या जास्त होत्या, पोरगा हुशार आहे.

२०१६ मोठं साल, यात वाद नाही. जूनपर्यंत पाऊस, मग कोरडा उन्हाळा. म्हणजे मुळांशी ओल साठलेली आणि वर ऊन. वाईन दाट, खोल, सगळं काही आहे, पण आता तिचे दात आवळलेले आहेत. चार तास जगमध्ये ठेवली तरी बोलेना. नातवंडांसाठी ठेवायची असेल तर घ्या.

याच्या उलट बाजूनं एक काळजी आहे, ती कुणी माहितीपत्रकात लिहिणार नाही. खडा पाणी सोडतो ते पावसाळी वर्षांत वरदान, दुष्काळात नाही. २००३चा उन्हाळा, २०२२चा उन्हाळा, अशी वर्षं आता वारंवार येणार. खोल मुळांची जुनी वेल निभावते, तरणी वेल सुकते. आणि त्यांच्या नियमांप्रमाणे ऐन हंगामात फळावर आलेल्या वेलींना खास परवानगीशिवाय पाणी देता येत नाही. हे ऐकून इरिगेशनच्या बाईच्या पोटात खड्डाच पडला. उशाशी एवढी मोठी नदी आणि एक चारीसुद्धा नाही! (खाडीचं पाणी मचूळ, ते चालणार नाही, हे मलाही कळतं.) २०२१ मात्र पुन्हा जुन्या धाटणीचं गार, ओलं वर्ष, वाईन हलकी, जेवणासोबतची. ज्यांना हल्लीच्या भरघोस वाइनी जड वाटतात त्यांनी या सालाला नाक मुरडू नये.

मुख्य वाइनीखेरीज 'एको द लिंच-बाज' ही धाकटी आहे, तरण्या वेलींची आणि मुख्य मिश्रणात न घेतलेल्या पिंपांची. फ्रान्समध्ये साधारण ४० युरोला मिळते, मोठी १०० युरोच्या आगेमागे किंवा वर. पांढरीही करतात, १९९०पासून. ती प्यायले, विसरले.

इंदूरला काय होतं ते सांगते. भारतात बाहेरच्या वाइनीवर सीमाशुल्क आणि उपकर मिळूनच १५० टक्के (२०२१चा दर), वर राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं. यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात इंदुरात माणिकबाग महाल बांधून घेतला तेव्हा पॅरिसहून फर्निचर आलं होतं, आणि आज त्याच माणिकबागेत केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे. तिथून जाताना मला दर वेळी हसू येतं. इथं लिंच-बाज दुकानात शोधत बसू नका. एकदा इंदुरातल्याच एका दुकानातून दुसऱ्या कुठल्याशा मळ्याची बोर्दो घेतली होती, काचेच्या कपाटात उभी, डोक्यावर दिवा. बूच सुकून आकसलेलं, आतली वाईन शिजलेली. परत घ्यायला दुकानदार तयार नाही, 'मैडम, खुली बोतल कौन लेगा'. त्याचंही बरोबरच म्हणा.

तेव्हा सामानातून आणा. विमानानं येताना माणशी दोन लिटर करमुक्त. दोन पूर्ण बाटल्या आणि एक अर्धी त्यात बसते. सुती साडीत गुंडाळलेली बाटली फुटत नाही. आणल्यावर फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी, वर्तमानपत्रात लपेटून. कोथिंबीर दुसरीकडे हलवा.

आमच्या रामबागेतल्या घरी २०१४ची उघडली ती जानेवारीत, दीर आणि जाऊबाई जेवायला होत्या तेव्हा. रात्री खोलीत सोळा-सतरा अंश होते, या वाइनीला तेवढंच लागतं. मे महिन्यात उघडायची वेळ आली तर आधी अर्धा तास फ्रीजमध्ये, नाहीतर नुसता अल्कोहोल नाकात जातो. पाण्याच्या काचेच्या जगमध्ये दोन तास आधी ओतून ठेवली. भावजींनी सवयीनं शेवेची बशी पुढे केली, लवंगी शेव. तिखट आणि हा तुरटपणा एकत्र आला की तोंड भाजतं, लोखंड चाखल्यासारखं लागतं. शेव बाजूला. रश्शालाही तीच अडचण. सुकं मटण केलं होतं, मिरं, आलं, लसूण आणि तूप, लाल तिखट नाही, मसाला अगदी बेताचा. ते जमलं. पोयाकचे लोक तिच्यासोबत तिथल्या कोकराचं मांस खातात, आपलं बोकडाचं तसं राकट, पण तुरटपणाला चरबी हवी असते आणि ती होती. जाऊबाई मटण खात नाहीत, त्यांनी भाजलेलं वांगं मीठ-तेल लावून घेतलं आणि दुसरा प्याला मागितला. भावजींचं मत: "वहिनी, चांगली आहे, पण या पैशात मी कुलू-मनाली करून आलो असतो." त्यांनी तीन प्याले घेतले.

घ्यायचीच असेल तर माझा क्रम असा. आत्ता प्यायला २०१४. ती संपली असेल तर २००४ किंवा २००८, फार बोलबाला नसलेली पण काबर्नेची सालं. पहिल्यांदाच चव बघायची असेल तर एको, तीही थोडी जुनी. २०१६ आणि २०१० ज्यांच्याकडे थंड जागा आणि धीर दोन्ही आहे त्यांनीच. १९८२, १९८९ लिलावात बघायला छान. २०१३ स्वस्त दिसली तर एक घ्या, आणि पावसाळ्यात उघडा. मळा बघायला जाणार असाल तर आदल्या रात्री पाऊस झालेला दिवस गाठा आणि साधे बूट घाला. गाइडचं बोलणं चालू असताना खाली वाकून गोटे उकरायला कुणी हरकत घेत नाही.